आरोग्यशिक्षणात प्रत्यक्ष भेटीचे मोल

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)



विद्यापीठ म्हटले की भव्य इमारत, ग्रंथालय आणि पदवीदान समारंभ ही चित्रे आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात. नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ याहून काहीसे निराळे आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाशी वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या, भौतिकोपचार अशा अनेक शाखांची राज्यभरातील महाविद्यालये संलग्न आहेत. परीक्षा आणि पदव्या यांची सूत्रे नाशिकहून हलतात. परंतु विद्यार्थी खऱ्या अर्थाने घडतो तो रुग्णाच्या खाटेपाशी आणि गावातील एखाद्या घराच्या ओसरीवर. म्हणूनच या विद्यापीठाच्या कामात आपणा सर्वांचाही वाटा आहे, हे सांगण्यासाठी मी आज आपणांसमोर उभा आहे.

मी स्वतः वैद्यकीय क्षेत्रातला नाही. कला शाखेचा पदवीधर, आणि व्यवसायाने माहिती अधिकारी. तथापि काही वर्षांपूर्वीचा एक घरगुती अनुभव सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही.

माझी आई एका रुग्णालयात दाखल होती. पायांवरची सूज उतरावी म्हणून तिला लघवी होण्याची गोळी दिली जात असे. चार दिवस झाले तरी सूज उतरेना. रोज सकाळी डॉक्टरमंडळी येत, तक्ता पाहत, औषधात फेरफार करीत आणि पुढच्या खाटेकडे वळत. पाचव्या दिवशी परिचर्येचे शिक्षण घेणारी एक मुलगी आईचे केस विंचरीत बसली होती. बोलता बोलता आईने तिला हळूच सांगितले, की ती गोळी आपण घेतच नाही, उशीखाली ठेवतो. स्वच्छतागृह लांब होते आणि रात्री-अपरात्री कोणाला उठवावे, याचा तिला संकोच वाटत होता. त्या मुलीने खाटेजवळ भांडे ठेवण्याची व्यवस्था केली. आईने गोळी घेण्यास सुरुवात केली आणि दोन दिवसांत सूज ओसरू लागली. मीही रोज भेटीला जात होतो. पण तिचा मुलगा असूनही मला हे कळले नव्हते. त्याची खंत मला आजही वाटते.

या प्रसंगात कोणाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. तक्त्यावर सर्व नोंदी होत्या, केवळ आईचा संकोच तेवढा कोठे नोंदलेला नव्हता. तो कळण्यासाठी कोणीतरी तिच्याजवळ बसणे आवश्यक होते.

विश्वास हेही एक साधन

प्रत्यक्ष भेट म्हणजे केवळ सौजन्य, अशी समजूत रूढ आहे. वस्तुतः तो रोगनिदानाचाच एक भाग होय. लहान मुलाला न्यूमोनिया झाला आहे किंवा काय, हे ओळखण्याची एक साधी रीत आरोग्यसेवकांना शिकविली जाते. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावयाचे. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या मुलाचे श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा त्याहून अधिक असल्यास ते धोक्याचे लक्षण समजले जाते. परंतु रडणाऱ्या मुलाचे श्वास मोजून उपयोग नाही, आणि आई धास्तावलेली असेल तर तिच्या मांडीवरचे मूल शांत कसे राहणार? आईचा विश्वास संपादन केल्याखेरीज तो आकडाच खरा येत नाही.

भाषेचीही गोष्ट तीच. ‘जीव घाबरा होतो’, ‘हातपाय गळाल्यासारखे वाटतात’ या शब्दांमागे कधी रक्तक्षय असतो, कधी हृदयविकार, तर कधी घरातली चिंता. त्यांचा उलगडा समोर बसून, चेहरा पाहत प्रश्न विचारल्यानेच होतो.

हा विचार नवा नाही. १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले ते जमशेटजी जीजीभाई रुग्णालयाच्या सान्निध्यातच. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने १९६९ साली सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाने तर याही पुढचे पाऊल टाकले. तेथील नवागत विद्यार्थी प्रारंभी गांधीजींच्या आश्रमात वास्तव्य करतात. पुढे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तेथे शिबिरात राहते आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपविली जातात.

आता हे धोरण देशभर स्वीकारण्यात आले आहे. २०१९ सालापासून वैद्यकीय पदवी अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संवाद या विषयांना रीतसर स्थान मिळाले. शवविच्छेदनासाठी देहदान करणारी व्यक्ती हीच आपली पहिली शिक्षक, ही जाणीव तेथे विद्यार्थ्याला करून दिली जाते. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कुटुंब दत्तक कार्यक्रम सुरू केला. त्यानुसार वैद्यकीय विद्यार्थी पहिल्या वर्षापासूनच ठरावीक कुटुंबांच्या घरी जाऊ लागले आहेत.

२०२० च्या टाळेबंदीत व्याख्याने दूरस्थ पद्धतीने झाली, आणि त्यामुळे शिक्षण सर्वस्वी थांबले नाही, हे मान्य केले पाहिजे. दूरवरच्या रुग्णाला तज्ज्ञांचा सल्ला मिळवून देणारी ‘ई-संजीवनी’ सेवाही उपयुक्त आहे. तथापि पोटावर हात ठेवून वाढलेली प्लीहा ओळखणे पडद्यावर शिकता येत नाही, आणि मृत्यूची वार्ता नातेवाइकांना कशी सांगावी, हेही ज्येष्ठांच्या शेजारी उभे राहूनच उमगते.

आपला वाटा

आता प्रश्न आपला. उद्या असे विद्यार्थी आपल्या गावी येतील, तेव्हा आपण काय करावे?

ग्रामपंचायतीने त्या कुटुंबांना आगाऊ कल्पना द्यावी. माणसे शेतावरून परतल्यानंतरची वेळ ठरवावी. पहिल्या भेटीत आशा कार्यकर्ती किंवा अंगणवाडी सेविका बरोबर असावी. शिक्षकांनी गावाची बोली, चालीरीती आणि हंगाम यांची ओळख या तरुणांना करून द्यावी. हे विद्यार्थी अद्याप डॉक्टर झालेले नाहीत, त्यांच्याकडून औषधाची अपेक्षा ठेवू नये, हेही गावकऱ्यांना समजावून सांगावे. एखाद्या कुटुंबाने नकार दिल्यास त्याचा मान राखावा, आणि घरात ऐकलेली गोष्ट घराबाहेर जाता कामा नये, हे विद्यार्थ्यांनाही बजावावे.

अधिकारी मित्रांना एकच विनंती. अशा कार्यक्रमाचे मूल्यमापन केवळ भरलेल्या प्रपत्रांच्या संख्येवरून करू नये. दाराशी उभे राहून दहा मिनिटांत पाच कुटुंबांचे अर्ज भरता येतात. परंतु उशीखालच्या गोळीचा पत्ता त्यातून लागत नाही. तोच विद्यार्थी त्याच घरी पुन्हा पुन्हा गेला काय आणि घरातील माणसे त्याला नावाने ओळखतात काय, हे पाहावे.

मित्रहो, आज आपल्या ओसरीवर संकोचून बसलेला मुलगा किंवा मुलगी उद्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा मोठ्या रुग्णालयात काम करणार आहे. त्या वेळी समोर येणारी वृद्ध स्त्री त्याला केवळ खाटेचा क्रमांक वाटू नये, अशी आपली इच्छा असेल, तर त्याचा पहिला धडा आपल्याच घरी सुरू होतो. त्याला बसायला पाट द्या, पाणी द्या, आणि त्याच्याशी मोकळेपणाने बोला. विद्यापीठाच्या कार्यातील आपला हा वाटा मोलाचा ठरेल.