देवांचे पठार : दिएंग



जावा बेटाच्या मध्यभागी, समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर उंचीवर दिएंग नावाचे विस्तीर्ण पठार आहे. त्याच नावाची दोन लहान गावे तेथे शेजारी शेजारी वसली आहेत : दिएंग कुलोन, म्हणजे पश्चिमेकडचे, आणि दिएंग वेतान, म्हणजे पूर्वेकडचे.

दिएंग या शब्दाचा अर्थ देवांचे निवासस्थान असा करतात. पठारावर शिवोपासकांची प्राचीन दगडी देवळे उभी आहेत, आणि इ. स. ८०९ मधील एक शिलालेखही तेथे सापडला आहे. अर्जुन, भीम, घटोत्कच ही त्या देवळांची नावे ऐकून आपल्याला परकेपणा वाटेनासा होतो. ही नावे मात्र मूळची नव्हेत. ती लोकांनी मागाहून दिली.

हे पठार ज्वालामुखीचे आहे. सिकिदांग येथे चिखल अखंड उकळत असतो. गंधकामुळे एका तळ्याच्या पाण्यावर निळ्याहिरव्या छटा खेळतात. ज्वालामुखीच्या राखेने जमीन सुपीक केली असल्यामुळे शेतकऱ्यांनी डोंगरउतारांवर थेट वरपर्यंत बटाटा लावला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये एखाद्या रात्री दव गोठते आणि उभे पीक करपते. त्या दवाला तेथील लोक विषारी दव म्हणतात.

परंतु खरे विष जमिनीखाली आहे. २० फेब्रुवारी १९७९ च्या पहाटे सिनिला या विवराचा स्फोट झाला. जवळच्या गावातील माणसे मुलाबाळांसह घराबाहेर पडली आणि वाट धरून निघाली. त्याच परिसरात भूमीच्या भेगांतून कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडत होता. या वायूला रंग नाही, वास नाही. तो हवेहून जड असल्याने खोलगट जागी साचतो. स्फोटापासून पळालेली सुमारे १५० माणसे वाटेतच गुदमरून मरण पावली.

संकट आले की मनुष्य सोपी वाट धरतो, आणि सोपी वाट बहुधा उताराची असते. दिएंगमध्ये तीच घातक ठरू शकते. आज तेथे ज्वालामुखीवर लक्ष ठेवणारे निरीक्षण केंद्र आहे, आणि वायू वाढला की लोकांना त्या भागापासून दूर राहण्याचा इशारा मिळतो. तरीही वारा पडलेल्या सकाळी शेतावर निघालेल्या माणसाला आपल्या पायाखालची जमीन उंच आहे की सखल, हे ठाऊक असावेच लागते. भूगोल हा पाठ्यपुस्तकातील विषय खरा. दिएंगच्या शेतकऱ्याला मात्र तो रोजच्या जीविताचा विषय आहे.