विजेची गाडी आणि आपली इमारत

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले व्याख्यान)



आहार, आरोग्य, बालसंगोपन हे आपल्या व्यासपीठाच्या सवयीचे विषय. त्यांत आज 'इमारतीत विजेच्या गाड्यांचे चार्जर कसे बसवावेत' हा विषय ऐकून काही भगिनींना नवल वाटले असेल. वायर, मीटर, अँपिअर ही पुरुषांच्या सभेतली भाषा, अशी आपली एक जुनी समजूत आहे. पण विजेच्या गाडीचा आणि स्त्रियांचा संबंध शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेत 1910 च्या सुमारास अशा गाड्या स्त्रियांना विशेष पसंत असत, कारण पेट्रोलच्या गाडीचे हँडल फिरवताना हात मोडायची वेळ येई. ज्या हेन्री फोर्डने पेट्रोलच्या गाड्या घरोघरी नेल्या, त्यांच्या पत्नी क्लारा फोर्ड स्वतः मात्र 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' ही विजेची गाडी चालवीत!

हल्ली आपल्याकडे कचेरीत जाणाऱ्या मुली, शिक्षिका, पाळीवर जाणाऱ्या परिचारिका विजेच्या स्कूटर घेऊ लागल्या आहेत. स्कूटर घरी येते तेव्हा पेढे वाटले जातात, आणि दुसऱ्याच दिवशी प्रश्न पडतो, की हिला वीज कोठून द्यावयाची? मग तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून दोरीसारखी वायर खाली सुटते, किंवा बॅटरी काढून वर न्यावी लागते. सोसायटीकडे अर्ज केला, तर 'पुढच्या सभेत पाहू' हे उत्तर ठरलेले. म्हणून या विषयाचा विचार आजच करावा, असे मला वाटते.

प्रथम चार्जरची भीती घालवू. स्कूटरचा चार्जर साधारण आपल्या इस्त्रीइतकी वीज घेतो. मोटारीसाठी पंधरा अँपिअरचा साधा जाड पिनांचा प्लग वापरला, तर सुमारे सव्वातीन किलोवॅट, म्हणजे पाणी झटपट तापवणाऱ्या गीझरइतकी वीज लागते. भिंतीवर बसवायचा मोठा चार्जर असतो, तो सुमारे सात किलोवॅटचा. फरक इतकाच, की गीझर दहा मिनिटांत बंद होतो आणि मोटार तासन् तास वीज ओढीत राहते. दहा मिनिटांत न तापणारी कमकुवत वायर चार तासांत तापते. म्हणून घरातल्या जुन्या प्लगवर एक्स्टेन्शन बोर्ड लावून काम भागवू नये. मीटरपासून गाडीपर्यंत स्वतंत्र, पुरेशी जाड तांब्याची वायर हवी.

आता इमारतीचा हिशेब पाहू. तो आपण गृहिणी सहज करू शकतो. समजा, इमारतीत चाळीस बिऱ्हाडे आहेत आणि काही वर्षांत वीस मोटारी विजेच्या झाल्या. प्रत्येकाने सात किलोवॅटचा चार्जर लावला आणि संध्याकाळी सातला सगळ्यांनी एकदम बटण दाबले, तर 140 किलोवॅटचा भार येईल. एवढा भार बहुतेक जुन्या इमारतींच्या मुख्य केबलला पेलणार नाही. हा आकडा सभेत कोणी तरी सांगतो, सगळे घाबरतात आणि विषय तहकूब होतो.

पण दुसरा हिशेब कोणी मांडीत नाही. शहरात एक मोटार रोज फार तर चाळीस किलोमीटर फिरते. एका युनिटमध्ये ती सहा-सात किलोमीटर जाते, म्हणजे रोज तिला सुमारे सहा युनिटे पुरतात. वीस मोटारींची झाली 120 युनिटे. रात्री दहा ते पहाटे सहा या आठ तासांत ती पाळीपाळीने दिली, तर भार सरासरी 15 किलोवॅटच पडतो! त्या वेळी लिफ्टची वर्दळ नसते, पंप बंद असतो, स्वयंपाकघरे मिटलेली असतात. एका शेगडीवर दहा भांडी एकदम चढत नाहीत, एकामागून एक चढवली की पंक्तीचा स्वयंपाक होतो. हे पाळी लावण्याचे कामही हल्ली यंत्रच करते. इमारतीचा भार वाढला, की ते चार्जरांचा वेग आपोआप कमी करते.

तात्पर्य, वीज पुरते. ती पुरवून वापरण्याची व्यवस्था सर्वांनी मिळून करावी लागते. ती केली नाही तर काय होते? पहिले चार-पाच सभासद आपापल्या मीटरवरून आपापल्या वायरी खेचून मोठे चार्जर बसवतात. शिल्लक भार तेथेच संपतो. नंतर आलेल्या सभासदाला 'आता जागा नाही' असे ऐकावे लागते. हा नंतर आलेला कोण? बहुधा जिने हप्त्याने स्कूटर घेतली ती मुलगी, किंवा भाड्याने राहणारे कुटुंब. तिची गरज इस्त्रीएवढी, पण तीच दाराबाहेर राहते.

कायद्याची बाजूही थोडक्यात सांगते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी आपल्या घरच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करण्याची मुभा दिली आणि त्यास घरगुतीच दर ठेवला. फेब्रुवारी 2024 मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम सुधारले गेले. त्यानुसार गाडीसाठी वेगळी जोडणीही मागता येते. म्हणजे वीज मागण्याचा हक्क आपला आहे. परंतु वायर ज्या भिंतीवरून आणि ज्या खांबांवरून जाणार, त्या सामाईक आहेत. खांबांखालची पार्किंगची जागा बिल्डरला सदनिकेप्रमाणे स्वतंत्र विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली दिला. म्हणून एकट्याने परस्पर भिंत फोडणे योग्य नव्हे, आणि सोसायटीने कारण न देता अर्ज दाबून ठेवणेही योग्य नव्हे.

'आमच्याकडे गाडीच नाही, आम्ही खर्च का सोसावा?' असे काही भगिनी विचारतील. त्यांचा प्रश्न रास्त आहे. मला सुचते ती वाटणी अशी: मीटरच्या खोलीपासून पार्किंगपर्यंतची मुख्य केबल आणि वाटप-पेटी सोसायटीने एकदाच घालावी, कारण ती उद्या कोणालाही लागेल. तो खर्च चार्जर वापरणाऱ्यांकडून दरमहा थोडा थोडा वसूल करावा. पेटीपासून आपल्या जागेपर्यंतची वायर आणि चार्जर ज्याचा त्याने घ्यावा. प्रत्येकाला उपमीटर असावा, म्हणजे जिन्यातल्या दिव्यांच्या बिलात कोणाची मोटार धावणार नाही. स्कूटरवाल्यांसाठी दोन-तीन सामाईक प्लग ठेवावेत. त्यांचा खर्च अल्प आणि उपयोग फार.

बिलाची एक खुबी ध्यानात ठेवा. घरगुती वीज जसजशी जास्त वापरावी तसतसा तिचा दर टप्प्याने चढतो. मोटार महिन्याला हजार किलोमीटर चालली तर सुमारे दीडशे युनिटे वाढतात, आणि 300 युनिटांचा टप्पा ओलांडला की वरच्या युनिटांचा दर चढतो. म्हणून वेगळी जोडणी परवडते का, याचा हिशेब आधी कागदावर करावा.

आता सुरक्षितता. येथे काटकसर नको. काम परवानाधारक वीज कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे. प्रत्येक चार्जरला स्वतंत्र एमसीबी, चांगले आर्थिंग, आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. पावसाळ्यात तळघरात पाणी साचते, तेव्हा प्लग छातीच्या उंचीवर बसवावा. जिन्याच्या तोंडाशी किंवा गॅसच्या सिलिंडरांजवळ चार्जिंगची जागा देऊ नये. बॅटरी घरात आणावीच लागली, तर ती पलंगाशेजारी किंवा दारात ठेवून, रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नये. आग लागलीच तर बाहेर पडावयाचा मार्ग अडतो. गाडीबरोबर आलेलाच चार्जर वापरावा. फुगलेली किंवा आपटलेली बॅटरी वापरू नये. 2022 च्या डिसेंबरपासून स्कूटरच्या बॅटऱ्यांचे नियम कडक झाले आहेत, तरी खिडकीतून लोंबणाऱ्या वायरीला कोणताच नियम वाचवू शकत नाही. सोसायटीने जागा नाकारली की हाच धोका वाढतो, हे नकार देणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

मग करावे काय? आज कोणाकडे विजेचे वाहन आहे आणि तीन वर्षांत कोण घेणार, याची यादी करा. भाडेकरूंनाही विचारा. सोसायटीच्या वीजबिलावर मंजूर भार छापलेला असतो, तो पाहा. कंत्राटदाराकडून इमारतीची केबल तपासून घ्या आणि महावितरणला, मुंबईत असाल तर आपल्या वीज कंपनीला, लेखी विचारा. मग सर्वसाधारण सभेत ठराव मांडा. अर्जाला किती दिवसांत उत्तर द्यावयाचे, कोणत्या अटी पाळावयाच्या, खर्च कसा वाटावयाचा, हे सारे त्या ठरावात लिहिलेले असावे. माणूस पाहून परवानगी मिळू नये.

शेवटी एक विनंती. महाराष्ट्रात स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत 2021 पासून मिळू लागली, आणि पुष्कळ सदनिका आपल्या नावावर झाल्या. पण सभेच्या दिवशी आपण घरी चहाचे आधण ठेवतो आणि हात वर करतो दुसराच कोणी! ज्या भगिनींचे नाव सदनिकेवर आहे, त्यांनी यंदाच्या सभेला स्वतः जावे, मागच्या रांगेत न बसता पुढे बसावे आणि हा ठराव मांडावा. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनीही अनुमोदन द्यावे, कारण शेजारणीची मुलगी रात्री उशिरा पाळीवरून परतते तेव्हा तिची स्कूटर वाटेत बंद पडू नये, यात आपल्या सर्वांचेच समाधान आहे.