वैद्यकीय प्रवेश : तयारी अर्जाच्या दोन वर्षे आधीची
(कनिष्ठ महाविद्यालयीन विद्यार्थी व पालक यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दहावीचा निकाल लागला की अनेक घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : "मुलाला डॉक्टर करायचे." अलीकडे मुलीच्या बाबतीतही ते तितक्याच उत्साहाने उच्चारले जाते, ही समाधानाची गोष्ट होय. त्या दिवसापासून प्रवेशाच्या अर्जापर्यंत सुमारे दोन वर्षांचा अवधी असतो आणि बहुतेक घरांत तो सारा गुणांच्या चिंतेत खर्ची पडतो. गुण हवेतच. परंतु हुकलेल्या प्रवेशाची कहाणी नेहमी गुणांचीच असते असे नाही. कधी ती एका प्रमाणपत्राची असते, तर कधी दहावीनंतर विद्यार्थी कोणत्या राज्यात शिकावयास गेला याची.

प्रथम आकडे पाहू. २०२५ साली राष्ट्रीय पात्रता व प्रवेश परीक्षेस, म्हणजेच 'नीट'ला, देशभरातून सुमारे २२ लाख विद्यार्थी बसले. त्यांपैकी १२ लाखांहून अधिक पात्र ठरले. एमबीबीएसच्या जागा मात्र लाखाहून काहीशा अधिक आणि त्यांतील शासकीय जागा सुमारे निम्म्या. पात्र ठरणे आणि प्रवेश मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. निकालाच्या दिवशी पेढे वाटण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनी एवढे समजून घेतले, तर पुढील मनस्ताप पुष्कळ टळेल.

परीक्षेच्या अभ्यासाविषयी सल्ला देणाऱ्यांची उणीव नाही. म्हणून येथे थोडेच. २०२५ च्या प्रश्नपत्रिकेत १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवावयाचे होते. ७२० पैकी निम्मे, म्हणजे ३६० गुण, एकट्या जीवशास्त्राचे. अचूक उत्तरास ४ गुण, चुकीच्या उत्तरास १ गुण वजा. 'शंका असेल तर प्रश्न सोडा' असे सरसकट सांगितले जाते, ते हिशेबाला धरून नाही. चार पर्यायांपैकी दोन निश्चित चुकीचे आहेत एवढे कळले, तर अशा दर दोन प्रश्नांत सरासरीने एक बरोबर येतो आणि ३ गुण पदरात पडतात. मुळीच काही कळत नसेल, तर चार प्रश्नांच्या अंदाजातून सरासरीने केवळ १ गुण मिळतो. तेवढ्यासाठी वेळ दवडू नये. परीक्षा मराठीतूनही देता येते. मात्र प्रश्नाच्या भाषांतराविषयी वाद उद्भवल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात, म्हणून शास्त्रीय संज्ञा दोन्ही भाषांत अवगत असाव्यात.

बारावीच्या परीक्षेकडे दुर्लक्ष करण्याची एक नवी रीत रूढ झाली आहे. विद्यार्थ्याचे नाव कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर आणि विद्यार्थी दिवसभर शिकवणी वर्गात! प्रयोगशाळेतील परीक्षानळी त्याच्या हाती क्वचितच येते. वस्तुतः भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांत मिळून खुल्या प्रवर्गास किमान ५० टक्के आणि राखीव प्रवर्गास ४० टक्के गुण बारावीत आवश्यक असतात. 'नीट'चा गुणांक कितीही वरचा असला तरी ही अट सुटत नाही.

आता दहावीनंतर कोठे शिकावे हा प्रश्न. लातूर, नांदेड, पुणे येथे जाणाऱ्या विद्यार्थ्यांची चिंता नाही. ते राज्यातच असतात. कोटा किंवा हैदराबाद येथे जाणाऱ्यांनी मात्र थांबून विचार करावा. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या वाट्याच्या. या जागांसाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण होण्याची अट आहे. बदलीमुळे परराज्यात राहावे लागलेल्या काही शासकीय कर्मचाऱ्यांची मुले, कर्नाटक सीमाभागातील मराठी विद्यार्थी, अशांसाठी नियमांत अपवाद आहेत. परंतु केवळ शिकवणीसाठी बाहेर जाऊन तेथूनच बारावी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी त्या अपवादांत बसत नाही. जन्म सोलापूरचा, शेती सोलापूरला, दहावी सोलापूरची. एका बारावीच्या गुणपत्रिकेने त्याला स्वतःच्या राज्यातील ८५ टक्के जागांना मुकावे लागते. ही अट माहितीपुस्तिकेत छापलेली असते. पण ती पुस्तिका हाती येईपर्यंत दोन वर्षे उलटून गेलेली असतात.

तीच गोष्ट जात वैधता प्रमाणपत्राची. तहसील वा उपविभागीय कार्यालयातून मिळालेला जातीचा दाखला म्हणजे काम पुरे झाले, असा पुष्कळांचा समज असतो. राखीव जागेवरील व्यावसायिक प्रवेशास पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते, आणि समिती पुरावा मागते तो विद्यार्थ्याच्या नव्हे, त्याच्या आजोबा-पणजोबांच्या काळाचा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांपूर्वीची नोंद पुराव्यात महत्त्वाची ठरते. ती कोठे सापडते? आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात, गावच्या जन्ममृत्यू नोंदवहीत, म्हणजे जुन्या कोतवाल बुकात, किंवा जमिनीच्या एखाद्या जुन्या कागदावर. आजोबा शाळेतच गेले नसतील तर चुलत आजोबांचा दाखला शोधावा लागतो आणि मग वंशावळ शपथपत्रावर लिहून नाते सिद्ध करावे लागते. जुन्या नोंदीत आडनाव एक आणि आजच्या दाखल्यात दुसरे, असेही घडते. हे शोधकाम आठ दिवसांत उरकणारे नव्हे. 'नीट'चा निकाल आल्यानंतर त्यास हात घालणारा बाप तालुका आणि जिल्हा यांच्या दरम्यान एस. टी.च्या फेऱ्या मारीत राहतो, आणि इकडे प्रवेशाच्या फेऱ्या संपत येतात. अकरावीच्या दिवाळीच्या सुटीत विद्यार्थ्याने स्वतः गावी जाऊन शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटावे, हे उत्तम. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत तपासावी. नावातील स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच सर्वत्र असावे.

पसंतीक्रम भरताना 'आपल्याला हे मिळणार नाही' म्हणून चांगले महाविद्यालय गाळण्याची चूक करू नये. वरच्या पसंतीची जागा गुणवत्तेनुसार मिळाली नाही, तर खालच्या पसंतीवरील हक्क त्यामुळे कमी होत नाही. खाजगी व अभिमत संस्थांचे वार्षिक शुल्क मात्र आधी पाहावे. ते एका वर्षाचे असते, अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा. केंद्रीभूत प्रक्रियेतून येणाऱ्या पात्र मुलींना २०२४ च्या शासन निर्णयानुसार मिळणारी शुल्कमाफी अभिमत विद्यापीठांना व व्यवस्थापन कोट्यास लागू नाही, हेही ध्यानी असावे.

आणि हे काम आपल्याला हवे आहे काय? साडेचार वर्षे अभ्यास, एक वर्ष आंतरवासिता, शासकीय महाविद्यालयातून उत्तीर्ण झाल्यास एक वर्षाची बंधपत्रित सेवा. ही सेवा बहुधा एखाद्या ग्रामीण रुग्णालयात वा प्राथमिक आरोग्य केंद्रात असते. अशा केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागात वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या अनुमतीने विद्यार्थ्याने सुटीत चार सकाळी बसून पाहावे. रांगेतील म्हातारी, तापाने फणफणलेले मूल, साप चावलेला शेतमजूर आणि या सर्वांशी एकाच वेळी बोलणारा डॉक्टर : शिकवणी वर्गाच्या जाहिरात फलकावर यांपैकी कोणीही नसते. चार दिवसांनंतर ज्याला नकोसे वाटेल त्याने ते घरी मोकळेपणाने सांगावे. पालकांनी ते ऐकून घ्यावे.

ज्याला हवेसे वाटेल पण जागा मिळणार नाही, त्याने पुन्हा एक वर्ष द्यावे की नाही हे आधीच्या गुणांवरून ठरवावे. थोडक्यात हुकलेल्याने जरूर द्यावे. पुष्कळ मागे राहिलेल्याने तिसऱ्यांदा, चौथ्यांदा बसत राहणे वयाची नासाडी होय. दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी यांचे प्रवेशही 'नीट'च्याच गुणांवर होतात. बी. एस्सी. नर्सिंगसाठी मात्र राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाने स्वतंत्र परीक्षा सुरू केली आहे. तिचा अर्ज निराळा आणि मुदतही निराळी. 'नीट'च्या निकालाकडे डोळे लावून बसणाऱ्यांच्या हातून ती मुदत निघून जाते.