आधी डोळे, मग दुर्बीण
वर्धापनदिनी केलेले भाषण



मी सातवी शिकलेली, घर सांभाळणारी बाई. आकाशाविषयी मी काय सांगणार? पण आमच्या घरी झालेली चूक तुमच्या घरी होऊ नये, म्हणून उभी राहिले आहे.

दोन वर्षांपूर्वी मुलीने दुर्बिणीचा हट्ट धरला. धान विकून आलेल्या पैशांतून तिपाईवरची एक दुर्बीण आणली. खोक्यावर लिहिले होते, ५२५ पट मोठे दिसेल. अंगणात लावली, तर बोट लागताच तिपाई थरथरे आणि चंद्र निसटून जाई. आठ दिवसांत दुर्बीण माळ्यावर गेली. मुलगी काही बोलली नाही, पण तिने आकाशाकडे पाहणेच सोडले. पैशांपेक्षा मला त्याचे वाईट वाटले.

मग विचारपूस केली. 'किती पट' याला भुलू नये. पुढचे भिंग किती रुंद ते पाहावे. पावसात वाटीपेक्षा परातीत पाणी जास्त साठते, उजेडाचेही तसेच. सुरुवातीला दोन्ही डोळ्यांना लावायची बायनॉक्युलर बरी. तिच्यावर १०×५० असे लिहिलेले असते; म्हणजे दहा पट मोठे, आणि पुढचे भिंग ५० मिलिमीटर. ७×५० हातात कमी हलते. पण ५० ला ७ ने भागले, तर सुमारे ७ मिलिमीटर रुंदीचा उजेड डोळ्याकडे येतो, आणि चाळिशीनंतर आपली बाहुली अंधारातही बहुधा तेवढी उघडत नाही. दहाने भागले की ५ च. म्हणून आम्ही १०×५० घेतली. हात हलू नये म्हणून मी कोपरे भिंतीवर टेकवते.

कृत्तिकांत साध्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात, तिथे आता कितीतरी दिसतात. गुरूजवळचे बारीक ठिपके म्हणजे त्याचे चंद्र, गॅलिलिओने १६१० साली पाहिलेले. शनीची कडी मात्र हिच्यातून दिसत नाहीत. त्यासाठी मोठी दुर्बीण लागते. ती घेण्याआधी जाणत्याच्या दुर्बिणीतून एकदा पाहावे. पुण्यात हौशी लोकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे. आपल्याला जवळ म्हणजे नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रातले तारांगण. मुलांना ते जरूर दाखवा. आणि दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू देऊ नका, डोळा कायमचा जाईल.

अंधार तर आपल्या खेड्यांत फुकट आहे. परवा मुलगीच अंगणातून ओरडली, "आई, भात नंतर उतरव, गुरू वर आला!" भात थोडा लागला, पण कोणी कुरकुरले नाही.