कपाटातला पावसाळा



ग्रंथपालांच्या अधिवेशनात स्वागताध्यक्षानं आधी गावाचा, म्हणजे रत्नागिरीचा, मोठेपणा सांगायचा, अशी रीत आहे. टिळकांचा जन्म इथला, केशवसुतांचं मालगुंड इथून जवळच, ब्रह्मदेशचा थिबा राजा इथंच नजरकैदेत होता, आणि १८२८ साली स्थापन झालेलं नगर वाचनालय आजही वाचकांना पुस्तकं देतं आहे. रीत पाळून झाली. आता रत्नागिरीच्या एका गोष्टीबद्दल बोलतो, जिचं कौतुक कुणी करत नाही. ती म्हणजे इथली हवा.

आज माघातली कोरडी, गार हवा आहे. तुम्हाला फसवायला उत्तम. आमची खरी ओळख व्हायची तर आषाढात या.

मी ग्रंथपाल नाही. काजूच्या धंद्यातला माणूस आहे, आणि वाचनालयाच्या कार्यकारिणीवर असल्यामुळं आज या खुर्चीवर बसलो आहे. आमच्या गोदामात बी किती वाळली हे पाहिल्याशिवाय पोतं शिवत नाहीत. ओल राहिली तर बुरशी, आणि बुरशी आली की माल गेला. ओल मोजायचं यंत्र लहानसहान व्यापाऱ्याकडंही असतं. मात्र ज्या खोलीत शंभर-सव्वाशे वर्षांची पुस्तकं आहेत, त्या खोलीची ओल मोजणारी ग्रंथालयं मला फार थोडी भेटली. दाखल नोंदवही असते, देवघेव नोंदवही असते, हजेरीपट असतो. हवेची वही नसते.

कागद पाणी पितो, हे आपण सगळे जाणतो, पण किती पितो? हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास असताना कागदाच्या वजनात साधारण सहा-सात टक्के पाणी असतं. म्हणजे एक टन पुस्तकांत साठ-सत्तर लिटर. पावसाळ्यात आर्द्रता ऐंशीच्या पुढं सरकली की हेच पाणी दीडपटीच्या वर जातं. हे पाणी डोळ्यांना दिसत नाही. पान कोरडंच लागतं. पण आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली, की बुरशीला पालवी फुटते. ती सुरुवात कुठून करते, हे एकदा वाकून बघा. पहिल्यांदा बांधणीच्या कापडावर, पुठ्ठ्याच्या कडेला, जिथं बाइंडरनं खळ लावलेली असते तिथं. आधी राखाडी भुकटीसारखे ठिपके येतात. बोट फिरवलं तर पुसले जातात, म्हणून शिपाई फडकं मारतो आणि काम झालं असं समजतो. पंधरा दिवसांनी तेच ठिपके हिरवट होऊन पुन्हा येतात आणि या वेळी कापडाचा रंग घेऊन जातात. मागोमाग कसर येते, कारण तिलाही ओल आणि खळ दोन्ही प्रिय. खालच्या फळीवरची, पश्चिमेच्या भिंतीला टेकलेली पुस्तकं सगळ्यांत आधी जातात. आमच्याकडं पाऊस तिकडूनच झोडपतो.

यावर हल्ली एकच उपाय सुचवला जातो: एसी बसवा. याबद्दल मला आज जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण देणगीदार मिळतो तोही एसीलाच मिळतो. आर्द्रतामापकावर देणगीदाराचं नाव कोरायला जागा नसते!

एका ग्रंथालयाची हकीकत सांगतो, नाव घेत नाही. दुर्मीळ ग्रंथांच्या खोलीत एसी आला, पितळी पाटी लागली, फोटो छापून आला. ग्रंथालयाची वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. सहा वाजले की वीजबिलाच्या धाकानं एसी बंद, दारं-खिडक्या बंद, स्टीलची कपाटं बंद. भाद्रपदात कपाटं उघडली तेव्हा आतल्या पत्र्यावर पाण्याचे ओघळ सुकलेले होते, आणि मागच्या कित्येक पावसाळ्यांत झाली नव्हती इतकी बुरशी त्या एका पावसाळ्यात झाली होती.

यात जादूटोणा काही नाही. ऊन हवेत जास्त वाफ मावते, गार हवेत कमी. ३२ अंशांची आणि साठ टक्के आर्द्रतेची हवा, तिच्यातली वाफ काढून न घेता नुसती २४ अंशांवर आणली, तर तीच आर्द्रता पंचाण्णव टक्क्यांच्या घरात जाते. एसी थोडी वाफ काढतो, हे खरं. पण खोली हवी तेवढी गार झाली की त्याचा कॉम्प्रेसर थांबतो आणि पंखा चालू राहतो, तेव्हा गार नळ्यांवर साचलेलं पाणी पुन्हा हवेत मिसळतं. रात्री यंत्र बंद केल्यावर फटींतून बाहेरची हवा आत शिरते. पावसाळ्यातली आमची हवा समजा २७ अंशांची आणि नव्वद टक्क्यांची. ती पंचवीस अंशांपेक्षा गार वस्तूला लागली की तिथं दव धरतं. दिवसभर २४ अंशांवर ठेवलेला कपाटाचा पत्रा म्हणजे नेमकी तशी वस्तू. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: चोवीस तास चालवायची ऐपत नसेल, तर कोकणात पुस्तकांच्या खोलीला एसी लावू नये. दिवसा चालवून रात्री बंद करणं हे न लावण्यापेक्षा वाईट.

मग करायचं काय? जुन्या घरांनी काय केलं ते बघा. कोकणात पोथ्या पुष्कळ घरांत माळ्यावर असत, खाली चूल. धुरानं पानं काळवंडली, हे मान्य. पण तीच नव्वद टक्क्यांची हवा चार अंशांनी तापली की तिची आर्द्रता सत्तरच्या आसपास उतरते. धोक्याच्या रेषेवर येऊन थांबते. घाटावर पेशवे दफ्तराचे कागद रुमालांत आवळून बांधलेले होते. घट्ट बांधलेल्या गठ्ठ्यात बाहेरच्या हवेचे चढउतार सावकाश पोचतात. पावसाळ्यात हार्मोनियमच्या किंवा कॅमेऱ्याच्या कपाटात मिणमिणता दिवा लावणारे लोक आजही आहेत. पुस्तकांच्या कपाटात मात्र तो प्रयोग कृपा करून करू नका. बुरशी परवडली, आग परवडत नाही.

गारव्यापेक्षा ओल आवरण्याच्या या विचाराला शास्त्राची जोड कुठं मिळाली, तर ब्राझीलमध्ये. रिओ द जानेरोत रुई बार्बोझा या मुत्सद्द्याचं घर आहे आणि त्यात त्यांचं हजारो पुस्तकांचं खासगी ग्रंथालय. समुद्र जवळ, हवा दमट, म्हणजे आपलीच कथा. तिथं अमेरिकेतल्या गेटी संवर्धन संस्थेनं खोली बर्फागार करण्याचा नाद सोडला. बाहेरची हवा कोरडी असेल तेव्हा ती आत घ्यायची, ओली असेल तेव्हा आतल्या हवेतली वाफ काढायची, आणि तापमान ऋतूप्रमाणं थोडं वरखाली झालं तर होऊ द्यायचं. पाश्चात्त्य मानकांतले अठरा-वीस अंश आणि पन्नास टक्के हे आकडे थंड देशांतल्या इमारती समोर ठेवून ठरले आहेत. ते आपल्या भिंतीवर टांगून उसासे टाकण्यात अर्थ नाही.

इथं सभागृहातले जाणकार मला अडवतील, आणि त्यांचं बरोबर आहे. उष्णतेनं कागद लवकर म्हातारा होतो. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं तर कागदाचं आयुष्य ढोबळमानानं दुप्पट होतं, असं मानतात. यातली मेख कागदाच्या जातीत आहे. १८५० च्या आधीचा बहुतेक कागद चिंध्यांचा. जुन्नरी हातकागद आजही उलटताना मऊ लागतो. पुढं लाकडाचा लगदा आला आणि शाई फुटू नये म्हणून त्यात राळ आणि तुरटी आली. ओल मिळाली की तुरटीतून आम्ल तयार होतं आणि ते कागदाचे धागे आतून तोडत राहतं. अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी १९५० च्या दशकात हे दाखवून दिलं. ‘मनोरंजन’ मासिकाचा जुना अंक उघडताना पानाचा कोपरा बिस्किटासारखा तुटून हातात येतो, त्याचं कारण हे. अशा अंकांना थंडी हवीच, आणि ज्या मोठ्या संस्थांना चोवीस तास यंत्रणा चालवणं शक्य आहे त्यांनी ती या कागदासाठी राखून ठेवावी. बाकीच्यांनी हिशेब साधा ठेवावा: आम्लाला वर्षानुवर्षं लागतात, बुरशीला एक पावसाळा पुरतो. आधी बुरशी अडवा.

औषधांबद्दल दोनच शब्द. बाइंडर खळीत मोरचूद घालतात, किडा लागू नये म्हणून. किडा लागत नाही, पण मोरचुदातलं तांबं कागदाच्या सडण्याला वेग देतं. दुर्मीळ पुस्तकाच्या बांधणीत ते नको. थायमॉलची धुरी, म्हणजे आपल्या ओव्याच्या फुलांची, पुष्कळ ठिकाणी अजून देतात. ती अंगावरची बुरशी मारते, खोलीतली ओल तिला मारता येत नाही. ओल तशीच असेल तर बुरशी परत येते, आणि धुरीचा त्रास मात्र त्या खोलीत बसणाऱ्या बाईंना होतो.

विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या मंडळींना हे सगळं परक्या मुलखातलं वाटेल. तुमच्याकडं मे महिन्यात उलट दुखणं, कागद कोरडा पडून कडकतो आणि धूळ. तिथं कूलर लावणाऱ्यांनी त्याचा झोत पुस्तकांच्या दिशेनं ठेवू नये, एवढं सांगतो. कूलर म्हणजे ओल फेकणारं यंत्र. आणि पुराचं दुःख वेगळंच. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात शिरलं, ते इथल्या पुष्कळांनी पाहिलं आहे. त्यावर उद्या स्वतंत्र सत्र आहे.

आता माझी विनंती. प्रत्येक प्रतिनिधीच्या पिशवीत स्मरणिकेसोबत एक छोटा आर्द्रतामापक ठेवला आहे. स्वस्तातला आहे, तेव्हा त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. झाकणाच्या डब्यात एका वाटीत मीठ घ्या, त्यावर चमचाभर पाणी घालून चिखलासारखं करा, शेजारी मापक ठेवून डबा रात्रभर घट्ट बंद ठेवा. सकाळी काट्यानं पंचाहत्तर दाखवायला हवेत. जितका फरक असेल तितका कागदावर लिहून मापकाच्या पाठीला चिकटवा. मग तो कार्यालयात न लावता सगळ्यांत वाईट कपाटात, खालच्या फळीवर ठेवा. मृग लागल्यापासून दसऱ्यापर्यंत सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा वहीत नोंद करा. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा, पुस्तकं कोंबू नका, आणि उघडीप असेल त्या दुपारी दारं उघडून पंखा लावा. काटा सत्तरच्या वर ठाण मांडून बसला तर वाफ शोषणारं यंत्र घ्या; एसीसाठी आलेली देणगी तिकडं वळवायला देणगीदाराला राजी करा, पाटी त्याच्याच नावाची लावा.

या वह्या दसऱ्यानंतर आमच्या वाचनालयाकडं पाठवा. पुढच्या अधिवेशनात त्या सगळ्या एका टेबलावर मांडू, आणि अनुदानाच्या वेळी सरकारकडं काय मागायचं ते आकड्यांनिशी ठरवू.