ठेवावें कीं पाठवावें?

संकटकाळीं मुलाला उराशीं धरून ठेवावें कीं दूर सुरक्षित स्थळीं पाठवावें? श्रोतेहो, १९४० सालीं फ्रान्स पडल्यावर हा प्रश्न इंग्लंडांत घरोघर उभा राहिला. पांच ते पंधरा वर्षांच्या मुलांना कॅनडा, ऑस्ट्रेलिया वगैरे देशांत नेण्याची योजना सरकारनें जाहीर करतांच थोड्याच आठवड्यांत दोन लाखांवर अर्ज आले.

ता. ७ सप्टेंबरपासून लंडनवर बाँबवर्षाव सुरू झाला. ता. १३ रोजीं 'सिटी ऑफ बनारस' ही आगबोट या योजनेंतील ९० मुलें घेऊन लिव्हरपूलहून कॅनडाकडे निघाली. ता. १७ च्या रात्रीं जर्मन पाणबुडीनें ती बुडविली. त्यांपैकीं ७७ मुलें दगावलीं आणि पुढें योजनाच सोडून द्यावी लागली.

एका होडींत मात्र सहा मुलगे आठ दिवस तगले. सोबत हिंदी खलाशी होते. आणि होती मेरी कॉर्निश नांवाची संगीतशिक्षिका. थंडीनें गारठलेल्या त्या मुलांना साहसकथा सांगून तिनें त्यांचा धीर टिकविला.

ज्यांनीं मुलें पाठविलीं ते निर्दय नव्हते, ज्यांनीं ठेवलीं ते अविचारी नव्हते. कारण लंडनांत राहिलेलीं मुलेंहि बाँबखालीं सांपडलींच. फळ पाहून आईबापांच्या निर्णयाची पारख करणें हा अन्याय होय. पुढचें त्यांना कोठून दिसणार? मूल घरीं राहो वा परदेशीं जावो, अंधारांत त्याचा हात धरणारें कोणी तरी जवळ असावें, एवढी तजवीज मात्र त्यांच्या हातीं असते.