इकडील सर्व क्षेम

श्रोतेहो, सायकलवरून दूरचा प्रवास करणाऱ्यास लोक बहुधा दोनच प्रश्न विचारतात : पाय दुखत नाहीत काय, आणि घरची आठवण येत नाही काय? पहिल्याचे उत्तर सोपे आहे. पाय दुखतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर दुखेनासे होतात. घराचे मात्र उलट आहे. प्रारंभीचे दोन दिवस ते फारसे आठवत नाही. पुढे दररोज अधिकाधिक आठवू लागते. अशाच एका दिवसाची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

गेल्या पौषात मी नाशिकहून सेवाग्रामास सायकलने निघालो होतो. जळगाव, मलकापूर, अकोला, मूर्तिजापूर असे करीत सहाव्या रात्री श्रीनृसिंहसरस्वतींच्या जन्मग्रामी, कारंज्यास, मुक्काम केला. सातव्या दिवशी दारव्ह्यावरून यवतमाळ गाठावयाचे होते. मजल सुमारे ८० किलोमीटरांची. मूर्तिजापुरास नागपूरचा हमरस्ता सोडून मी मुद्दाम या आडवाटेस लागलो, याचे कारण ‘शकुंतला’. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरांची अरुंद लोहवाट विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात एका खाजगी ब्रिटिश कंपनीने घातली. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरी आणि तेथून मँचेस्टरच्या गिरण्यांस पोहोचावा, हा तिचा हेतू. तिला ओढणारे वाफेचे इंजिनही मँचेस्टरलाच १९२१ साली घडले होते. ते १९९४ पर्यंत राबले. पुढे डिझेल इंजिन आले, आणि आता तर कित्येक वर्षे या वाटेवर गाडीच नाही.

सकाळ मोठी प्रसन्न होती. काळ्या जमिनीत वेचणीतून उरलेली बोंडे चमकत होती. कापसाने शिगोशीग भरलेले ट्रॅक्टर जिनिंगकडे चालले होते आणि त्यांतून उडालेले पुंजके रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना अडकून राहिले होते. अकराच्या सुमारास दारव्हा आले. एका हॉटेलात चहा घेताना, नेहमीची वेळ सायंकाळची असूनही, घरी फोन करण्याची लहर आली.

फोन मुलाने उचलला. वय वर्षे सात. मी विचारले, ‘‘अरे, तू शाळेत नाहीस?’’

‘‘नाही बाबा. मी सोमवारपासूनच गेलो नाही. मला ताप होता ना!’’

तो दिवस गुरुवार होता. सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्ही सायंकाळी पत्नीने मला ‘इकडे सगळे ठीक आहे’ असेच सांगितले होते. आता तिने फोन घेतला. ‘‘डॉक्टरांना दाखविले आहे. कालपासून ताप उतरला आहे. तुम्हाला सांगून काय झाले असते? तुम्ही परत फिरला असतात.’’ मला राग आला. मी दोन शब्द अधिक बोललो आणि फोन ठेवला.

परत फिरावे असेच मनाने घेतले. हॉटेलवाल्याने माझा चेहरा पाहून चौकशी केली आणि म्हणाला, ‘‘शकुंतला असती तर सायकल टाकून मूर्तिजापूरले पोचले असते भाऊ तुम्ही. तिथून मोठी गाडी. आता यष्टीच पाहा.’’ परंतु एस. टी. पाहण्याऐवजी मी मोतीबाग स्टेशनाकडे वळलो. एके काळी येथूनच पुसदचा फाटा फुटत असे. तेथे बसून मी गुडघा चोळू लागलो, आणि चोळता चोळता लक्षात आले की हा गुडघा सोमवारी मलकापूरजवळ खडीवरून घसरून पडलो तेव्हा सुजला होता, आणि त्या रात्री मीही घरी सांगितले होते : सर्व ठीक आहे!

एकाच सायंकाळी दोन्ही टोकांनी एकमेकांस खोटे क्षेम कळविले होते, दोघांनीही मायेपोटीच. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे ७१,००० किलोमीटरांची मजल मारून १८ मार्च १९२८ रोजी परतले. साडेचार वर्षे! त्या काळी परदेशातून पत्र घरी पोहोचेपर्यंत त्यातली बातमी शिळी झालेली असे. तो दोष अंतराचा होता. माझ्या खिशात मात्र क्षणात घरचा आवाज आणणारे यंत्र होते. आमच्यामध्ये चार दिवस जे अंतर पडले ते आम्हीच पाडले होते.

मी पुन्हा फोन केला आणि प्रथम क्षमा मागितली. मग गुडघ्याची हकीकत सांगितली. पलीकडे बराच वेळ शांतता होती. शेवटी ती म्हणाली, ‘‘म्हणजे माझ्यावर रागावायचा अधिकार तुम्हाला नव्हताच.’’ मी कबूल केले. मग ठरले ते असे : यापुढे रोज सायंकाळी आधी वाईट ते सांगावयाचे, क्षेम मागाहून. परत फिरण्याविषयी ती एवढेच म्हणाली, ‘‘लपविण्यासारखे आता काही उरले नाही. तुमचे तुम्ही ठरवा.’’

मी यवतमाळची वाट धरली. ते योग्य केले की नाही, हे आजही मला छातीठोकपणे सांगवत नाही. दुपारभर प्रत्येक चढावर मुलाचा आवाज कानांत होता. रात्री यवतमाळहून फोन केला, तेव्हा ठरल्याप्रमाणे पत्नीने आधी सांगितले की तो आज नीट जेवला नाही, नुसती पेज घेतली. मी सांगितले की गुडघा पुन्हा दुखतो आहे. दोन्ही बातम्या वाईटच होत्या. परंतु, श्रोतेहो, चार रात्रींनंतर त्या रात्री मला घर जवळ वाटले. दोन दिवसांनी मी सेवाग्रामास पोहोचलो आणि त्याच रात्रीच्या गाडीने नाशिकला परतलो.